कणकेची चिमणी आणि मातीचा बैल

मुलांना खेळावयास घरच्या घरीं मऊ गोळा कसा करावा, हें सांगणाऱ्या कृती अलीकडे पुष्कळ प्रसिद्ध होतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, थोडें लिंबू, रंगासाठीं हळद नाहीं तर बिटाचा रस, आणि बेताचें पाणी. मंद आंचेवर ढवळीत राहिलें म्हणजे गोळा जमतो. कृती खोटी नाहीं. आम्हीं ती करून पाहिली आहे आणि घरचीं मुलें तिजवर खूष आहेत. परंतु बीडसारख्या जिल्ह्यांत उभें राहून तिच्याकडे पाहिलें असतां पहिल्याच शब्दांपाशीं मन अडतें. दोन वाट्या मैदा! ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जोंधळ्याची भाकरीच पोट भरीत आली, तेथें खेळासाठीं पीठ कोठून आलें असावें?

हा गोळा विलायती युक्ति होय, असा समज आहे, व त्यांत कांहीं तथ्य आहे. फ्रेबेलनें १८३७ मध्यें जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें बालशिक्षणाचा जो उपक्रम मांडला, त्याच्या परंपरेंत मातीकामास मानाचें स्थान मिळालें. पुढें इंग्लंडांत बाथ येथील कलाशिक्षक विल्यम हारबट यानें १८९७ च्या सुमारास न वाळणारी ‘प्लॅस्टिसीन’ काढली. अमेरिकेंतील ‘प्ले-डो’ची कथा तर मोठी गमतीची आहे. कोळशाच्या शेगड्यांनीं काळवंडलेले भिंतींवरचे कागद पुसण्यासाठीं सिनसिनाटी येथील एक कंपनी पीठ-मिठाचा गोळा विकीत असे. घरांतून कोळसा गेला, तशी त्या गोळ्याची गरजहि सरली. तेव्हां के झुफॉल नांवाच्या शिशुशिक्षिकेनें तो मुलांच्या हातीं देऊन पाहिला, आणि १९५६ मध्यें तोच खेळणें म्हणून बाजारांत आला. जेथें पिठानें भिंती पुसतां येतात, तेथें त्याचें खेळणें होण्यास अडचण ती कसली?

आपल्याकडे पोळ्या लाटणाऱ्या आईशेजारीं बसलेल्या मुलाला कणकेची गोळी मिळते व तिची चिमणी होते, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांचा असेल. पण हा अनुभव गव्हाच्या घरचा आहे. गव्हाच्या पिठांत पाणी घालून मळलें कीं त्यांतील चिकट अंश तार धरतो. त्यामुळें गोळा ताणला जातो, चोंच ओढली तर निघते, मान वांकविली तर राहते. जोंधळ्यांत तो अंशच नाहीं. म्हणून भाकरीच्या पिठांत कढत पाणी ओतावें लागतें, काथवटींत तळहातानें तें रगडावें लागतें, आणि एवढें करूनहि थापतांना कडा चिरतात. या पिठाची चिमणी करूं जावें तर मान प्रथम गळते. बीडच्या चुलीपाशीं बसलेल्या पोराच्या वांट्यास यासाठींच चिमणी न येतां चानकी येत असे. म्हणजे उरल्या पिठाची तळहाताएवढी भाकरी. ती खेळण्यासारखी दिसे, पण तव्यावरून उतरली कीं पोटांत जाई.

मग हातांना खेळ कोणीं पुरविला? अर्थात् मातीनें. उत्तरेकडे गोदाकांठीं गेवराई-माजलगांवची जमीन काळी व भारी. दक्षिणेस बालाघाटाच्या पठारावर ती हलकी व मुरमाड. काळ्या मातीचा स्वभाव कणकेहून निराळा आहे. पाण्यानें ती फुगते आणि वाळतांना आक्रसून तडकते. उन्हाळ्यांतील शेताच्या भेगा ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हें सांगणें नको. म्हणून नुसती शेतांतली माती चालत नाहीं. तळ्याचा किंवा ओढ्याचा गाळ आणावा, खडे वेंचावे, रात्रभर भिजत ठेवावा, त्यांत चाळलेली राख किंवा थोडें शेण घालून तो तुडवावा. कुंभार याच कामासाठीं लीद वापरतो. मग पाय, वशिंड, शिंगें, आणि मानेवर काडीचें जूं. हे बैल सावलींत वाळवावे लागतात. उन्हांत ठेवले कीं शिंगें उडालींच!

श्रावणी अमावास्येचा पोळा हा या कलेचा दिवस. ज्याच्या दावणीस बैल नाहीं, त्याच्या देव्हाऱ्यापुढें मातीची जोडी बसते. तिला नैवेद्य दाखवितात आणि खरी जोडी मिरवावी तशीच मुलें ती मिरवतात. आतां ट्रॅक्टरमुळें अनेक दावणी रिकाम्या झाल्या. आणि मातीच्या बैलाचें काम उलट वाढलें आहे! त्याच तिथीला पिठोरी म्हणतात, कारण मुलांच्या कल्याणासाठीं माता जें व्रत करते त्यांतील मूर्ती पिठाच्या करण्याची चाल होती. एकाच दिवशीं पीठ देवतेला आणि माती मुलाला, ही वांटणी आम्हांस सहज झालेली वाटत नाहीं.

मातीकामाची ही परंपरा किती जुनी, याचा पुरावा बीडच्या पश्चिमेस पुणें जिल्ह्यांत मिळाला. डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून घोड नदीकांठच्या इनामगांवीं जें उत्खनन केलें, त्यांत सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या घराच्या जमिनीखालीं न भाजलेल्या मातीची शिरोहीन स्त्रीमूर्ति आणि तिच्याबरोबर मातीचा बैल सांपडला. हीं खेळणीं नव्हेत, पूजेच्या वस्तू होत, असें विद्वान् म्हणतात. पोळ्याचा बैल सकाळीं देव आणि संध्याकाळीं खेळणें असतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हा भेद तितका पक्का वाटणार नाहीं.

पिठाविषयींच्या संकोचाचें कारण १९७२ च्या दुष्काळांत उघडें दिसलें. मराठवाड्यांतील घरेंचीं घरें खडी फोडावयास गेलीं, मुलांना सुकडी मिळाली, आणि परदेशांतून आलेल्या मिलोच्या लालसर भाकऱ्या लोकांनीं नाइलाजानें खाल्ल्या. ज्या आजीनें ते दिवस काढले, तिच्यासमोर वाटीभर मैद्यांत वाटीचें अर्धें मीठ मिसळून पाहावें. ती बोलणार नाहीं. पण डबा उचलून फळीवर ठेवील. मीठ पिठाला बुरशीपासून राखतें हें खरें, परंतु तेंच त्याला कोणाच्याहि तोंडीं जाण्यास नालायक करतें. शिवाय श्रावणाच्या दमट हवेंत मीठ पाणी ओढतें व गोळा चिकट होतो, ही अडचण निराळीच.

ताराबाई मोडकांनीं हें मर्म ओळखलें होतें. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केल्यावर त्यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस खेड्यांतील बालशिक्षणाचें केंद्र उघडलें, तेव्हां मॉंटेसरीचीं महाग साधनें बाजूस ठेवून गांवांत फुकट मिळणाऱ्या माती, पानें, बिया व शंखशिंपल्यांवर त्यांनीं भिस्त ठेवली. हल्लींच्या बालशिक्षिकांनीं गोळ्याची कृती अवश्य शिकावी. पण ती बीडला नेतांना मैद्याच्या जागीं गाळ लिहावा, असें आमचें मत आहे.

या जिल्ह्यांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारीं कुटुंबें मुलांना बरोबर नेतात. आईबाप फडांत असतांना कोपीपुढें बसून तीं जें करतात त्यांत बैलगाडी असतेच. पण मुली बहुधा चूल मांडतात, ओल्या मातीचा गोळा घेतात, आणि आईसारखा तळवा फिरवीत भाकरी थापतात. मोठ्या बहिणीच्या कडेवरचें पोर ती उचलून तोंडांत घालूं पाहतें, तेव्हां मात्र डाव मोडतो.