मुखवटा आणि जखम

आमच्या वाड्यावर एक मुलगी होती. मैत्रीण दोन दिवस भेटली नाही की ती घर डोक्यावर घ्यायची, हातावर ब्लेडने ओरखडे काढायची आणि चौथ्या दिवशी त्याच मैत्रिणीला देवी करून ठेवायची. घाडी झाले, कौल झाले. ‘हिला आल्तिनोला नेऊन ठेवा,’ असे तेव्हा मीही म्हटले आहे.

त्याच काळात आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. आईच्या सोलकढीचे तोंडभर कौतुक करायचे. पुढे त्यांनी वाड्यावरच्या चार घरांचे पैसे बुडवले, त्यात एक विधवाही होती. नंतर बाजारात ती समोर आली तेव्हा त्यांनी हसतमुखाने तिच्या मुलांची चौकशी केली! त्यांना वेडे कोणी म्हटले नाही. त्या दोघांना आज मी रोगाचे नाव चिकटवणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. पण आम्ही घाबरलो ते चुकीच्या माणसाला, एवढे खरे.

वैद्यकशास्त्रालाही हा गोडवा उशिराच कळला. बुद्धी शाबूत असूनही मन बिघडते, हे फ्रान्समधल्या पिनेलने 1801 मध्ये नोंदवले. 1835 मध्ये इंग्लंडच्या प्रिचर्डने त्याला ‘नैतिक वेड’ म्हटले. खरे चित्र रेखाटले ते अमेरिकेतल्या हर्वी क्लेक्ली या मनोविकारतज्ज्ञाने, 1941 मध्ये. त्याच्या पुस्तकाचे नावच ‘द मास्क ऑफ सॅनिटी’, म्हणजे शहाणपणाचा मुखवटा. वरवरची मोहिनी, सहज खोटे बोलणे, पश्चात्ताप नाही, लाज नाही, घबराटही नाही. कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांनी पुढे यावरून वीस मुद्द्यांची, चाळीस गुणांची कसोटी तयार केली. ती प्रशिक्षित माणसानेच, कागदपत्रे तपासून वापरायची असते. व्याह्यावर राग आला म्हणून घरबसल्या त्याला गुण देण्यासाठी नव्हे. असो.

‘बॉर्डरलाइन’ हा शब्द अॅडॉल्फ स्टर्न यांनी 1938 मध्ये रुग्णांच्या एका गटासाठी वापरला. मज्जाविकृती आणि वेड यांच्या सीमेवरचे ते लोक, अशी तेव्हाची समजूत. 1980 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत हे निदान आले. सोडून जाण्याची जीवघेणी भीती, आज देव तर उद्या दैत्य अशी नाती, आतला रितेपणा, स्वतःला इजा. बाहेरून दिसतो तो थयथयाट. मुखवट्याखाली काही दुखत नाही. इथे मात्र सगळे उघड्यावर दुखते. म्हणूनच अशा माणसाला ‘नाटकी’ म्हणणे मला आता क्रूर वाटते.

मार्शा लिनेहान ही अमेरिकन मुलगी 1961 मध्ये, सतराव्या वर्षी, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल झाली. सव्वीस महिने तिथे होती. स्किझोफ्रेनिया असे निदान झाले, विजेचे झटके दिले गेले. पुढे ती मानसशास्त्रज्ञ झाली आणि अशाच रुग्णांसाठी तिने उपचारपद्धती घडवली. माणूस आहे तसा स्वीकारायचा आणि त्याच वेळी भावनांचा लोंढा सोसण्याची कौशल्ये त्याला शिकवायची. 1991 मध्ये तिच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्वतःला इजा करण्याचे प्रमाण घटले होते. आपली कहाणी तिने जाहीरपणे सांगितली ती 2011 मध्ये, त्याच रुग्णालयात.

आमच्या वाड्यावरची ती मुलगी मागे एका लग्नात भेटली. केस पिकलेत, उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. आल्तिनोचे ते वाक्य तिच्या कानावर गेले होते का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते. तिने माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, ‘जेवून वच.’