शनवार तेल्यांचे कीर्तन

रत्नागिरीच्या मांडवीवर ज्यांचे बालपण गेले त्यांना दोन गोष्टी कोणी न शिकवता येतात. एक म्हणजे टोपलीत हात घालून मासळी पारखणे, आणि दुसरी म्हणजे बुवांनी ध्रुपद सोडले की ते मागच्यांनी नेमके कोठे उचलायचे ते ओळखणे. पहिली विद्या मी किनाऱ्यावर शिकलो, दुसरी देवळाच्या ओट्यावर पेंगत पेंगत. या दोन्ही विद्या पुढे एकाच इतिहासाचा उलगडा करण्याच्या कामी येतील, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

मांडवी हा शब्द आपल्या किनाऱ्याला नवा नाही. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. समुद्राने आलेला माल येथे उतरायचा, मोजला जायचा आणि मग गावात शिरायचा. अशीच एक मांडवी मुंबईतही आहे. पुढे पोटासाठी मुंबईस गेलो, तेव्हा केवळ नावाच्या ओढीने मी त्या वस्तीत हिंडत असे. तेथे सॅम्युएल स्ट्रीटवर एक प्रार्थनामंदिर आहे. नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर, अर्थात सॅम्युएल इझिकेल दिवेकर, यांनी ते स्थापन केले. दिवेकर कंपनी सरकारच्या पलटणीतले अंमलदार. टिपू सुलतानाच्या कैदेतून जीव वाचला तर देवाचे घर बांधीन, असा त्यांनी नवस केला होता, अशी कथा आहे. आजची वास्तू १८६० ची. नवस बोलणारा, तो फेडणारा, आडनाव दिवेआगरावरून घेणारा हा माणूस धर्माने यहुदी होता.

बेने इस्रायल समाजाची मूळकथा आपल्या वाचकांनी ऐकलेली असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते त्यांनी तेथेच पुरली आणि कोकणातल्या गावागावांतून ते पांगले. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा झाला. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. हे कधी घडले याविषयी विद्वानांचे एकमत नाही. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपला ग्रंथ १८९७ च्या सुमारास लिहिला, तो १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यांनी हा काळ इसवी सनापूर्वी पावणेदोनशे वर्षे असा धरला आहे. काळ कोणताही धरा, एक गोष्ट उरतेच. पोथ्या समुद्रात गेल्या. हिब्रू भाषा विसरली गेली. उरले ते शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, ‘शमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची छोटी प्रार्थना, आणि स्वयंपाकघरातले काही दंडक.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी कोकणात आला. कोणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्यातला. हे शनवार तेली आपल्या रक्ताचे असावेत असा त्याला संशय आला. परीक्षा पाहावी म्हणून त्याने त्यांच्या बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि ती रांधायला सांगितली. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली.

ही कथा मी प्रथम ऐकली ती ग्रंथात वाचून नव्हे. मुंबईतल्या माझ्या एका बेने इस्रायल स्नेह्याच्या घरी त्याच्या आई मासळीवालीशी हुज्जत घालीत होत्या. बांगडे घेतले, पापलेट घेतले. कोळंबीकडे पाहिलेसुद्धा नाही. मुशी तर हाताने दूर सारली. मांडवीवर वाढलेल्या माणसाला मुशी नाकारणारे घर म्हणजे नवलच! मी विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “आमच्यात नाही चालत बाबा. खवलं नसलं की नाही.”

या चार शब्दांमागे केवढे शास्त्र उभे आहे हे मला नंतर कळले. तोरेतील लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात पर आणि खवले अशी दोन लक्षणे सांगितली आहेत. धर्मशास्त्रींनी, ज्यांना ‘रब्बी’ म्हणतात त्यांनी, या दोहोंचा संबंध शोधला. ज्याला खवले त्याला पर असतातच, पण ज्याला पर त्याला खवले असतीलच असे नाही, असा निर्णय मिश्नेत आढळतो. मिश्ना म्हणजे इसवी सन २०० च्या सुमारास यहुदा हा-नासी याने संकलित केलेला निर्णयसंग्रह. त्यावर पिढ्यान्पिढ्या जो खल झाला त्याचे नाव तालमूद. श्रुती थोडी आणि मीमांसा अफाट, हे आपल्याला ओळखीचेच आहे. पत्नीला सोडचिठ्ठी लिहून तिच्या हाती द्यावी, इतकेच मूळ वचन. त्यावर ‘गित्तीन’ नावाचे अख्खे प्रकरण उभे राहिले. कशाने लिहावे, कशावर लिहावे, साक्षी कोण? बैलाच्या शिंगावर लिहिली तरी चालेल, मात्र बैल तिला देऊन टाकला पाहिजे, येथपर्यंत विचार झाला आहे. हे वाचून हसू येते. पण हसता हसता ध्यानात येते की, बाईच्या हातात काहीतरी पक्के पडावे, उद्या कोणी तिला नाकारू नये, ही त्या खटाटोपामागची कळकळ आहे.

ही सारी मीमांसा कोकणात पोहोचली नव्हती. स्नेह्याच्या आईंनी मिश्ना वाचली नव्हती, आणि त्यांच्या पणजीने तर तिचे नावही ऐकले नसेल. तरी त्यांचा निर्णय मिश्नेशी जुळत होता. हे कसे घडते?

तालमूदातच याचे उत्तर आहे. हिल्लेल नावाचा मोठा आचार्य इसवी सनाच्या प्रारंभाच्या थोडा आधी होऊन गेला. एका वर्षी वल्हांडणाच्या बळीचा दिवस शनिवारी आला. बळी द्यावा की विश्रामदिन पाळावा, याचा निर्णय वडीलधाऱ्यांना आठवेना. हिल्लेलने तो तर्काने सिद्ध करून दिला. लोकांनी त्याला प्रमुख केले, तसा तो इतरांच्या अज्ञानावर बोट ठेवून बोलू लागला. मग कोणी विचारले, सुरी आदल्या दिवशी आणायची राहिली असेल तर? शनिवारी ओझे वाहणे निषिद्ध. हिल्लेल थबकला. हे ऐकले होते, पण विसरलो, असे त्याने कबूल केले आणि लोकांवर सोपवा म्हणाला. ते स्वतः प्रेषित नसले तरी प्रेषितांची लेकरे आहेत, अशा अर्थाचे त्याचे उद्गार आहेत. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काय, ज्याचे मेंढरू त्याने सुरी त्याच्या लोकरीत खोचून आणली होती, ज्याचे करडू त्याने शिंगांमध्ये. ते पाहिले आणि हिल्लेलला विसरलेला नियम आठवला.

पंडित विसरला आणि बाजारातल्या माणसाच्या हाताने लक्षात ठेवले. कोकणातल्या बायकांनी मासळी निवडली ती याच परंपरेतली, असे मला वाटते. त्यांच्या सणांची नावेच पाहा ना. नवीन वर्षाचा तो ‘नव्याचा सण’, प्रायश्चित्ताचा उपास तो ‘दरफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. जेरुसलेमच्या मंदिराच्या शोकाचा तो ‘बिरड्याचा सण’. शोकाच्या दिवशी वालाचे बिरडे! नावे सारी मराठी, आणि दिवस मात्र तोरेच्या पंचांगातले.

रहाबीने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतील माणसे निवडून त्यांना विधी शिकवले. त्यांना ‘काजी’ म्हणत. पुढे एकोणिसाव्या शतकात कोचीनचे शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू व्याकरण मराठीत सांगणारे पुस्तक काढले. धर्मांतराच्या आशेने दिलेली ही विद्या बेने इस्रायलांनी घेतली आणि ते आपल्याच धर्माकडे अधिक डोळसपणे वळले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी मुंबईत डेव्हिड सासून शाळेचे मुख्याध्यापकपद सुमारे चाळीस वर्षे सांभाळले आणि हिब्रू प्रार्थनांसह वीसहून अधिक ग्रंथ मराठीत आणले. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची पोथी, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात.

पण पुस्तक वाचणाऱ्याचे असते. घाणा हाकणाऱ्याला, पलटणीतल्या शिपायाला, चुलीपुढच्या बाईला ही विद्या कशी मिळायची? १८८० साली मुंबईतल्या काही बेने इस्रायलांनी, बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि डेव्हिड हाईम दिवेकर हे त्यांतले प्रमुख, हा प्रश्न आपल्या मराठी रीतीने सोडवला. त्यांनी कीर्तन उभे केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी, दिंडी, ओवी अशा वृत्तांत रचली गेली.

स्नेह्याने मला असे एक कीर्तन ऐकायला नेले. शनिवार होता. आम्ही लवकर पोहोचलो, पण पेटी गवसणीतच होती. आकाशात तीन तारे दिसल्याखेरीज ती उघडायची नाही. विश्रामदिनी वाद्य वाजवू नये, कारण तार तुटली तर दुरुस्त करण्याचा मोह होईल, असे तालमूदकारांचे म्हणणे. पेटीला तार नसते, तरी नियम नियमच! तारे उगवले, पेटी उघडली, झांज वाजली, आणि मी एकदम मांडवीच्या देवळात जाऊन बसलो. तेच नमन, तेच निरूपण, आणि त्यानंतर आख्यान. आख्यान होते तांबडा समुद्र दुभंगल्याचे. बुवांनी ध्रुपद सोडले आणि मागच्या बायापुरुषांबरोबर मीही ते नेमक्या जागी उचलले. कोणीही वळून पाहिले नाही.

घरी येऊन शोध घेतला तेव्हा आणखी एक गंमत कळली. समुद्र ओलांडल्यावर मोशेने आणि इस्रायलाच्या लेकरांनी जे गीत गाइले ते कसे गाइले, यावर तालमूदात वाद आहे. मूळ वचनात ‘बोलले’ या अर्थाचा शब्द दोनदा येतो. तो दोनदा का, यावरून रब्बी अकिबा म्हणतात की, मोशे एकेक चरण म्हणे आणि लोक दर वेळी पहिलेच पद परत म्हणत. दुसरे म्हणतात, लोक प्रत्येक चरण त्याच्यामागून जसाच्या तसा म्हणत. रब्बी नहेम्या म्हणतात की, त्याने नुसते आरंभले आणि मग सर्वांनी मिळून म्हटले. एका शब्दाच्या द्विरुक्तीवरून गाण्याची रीत ठरवणारे हे शास्त्री! आणि अकिबांनी सांगितलेली रीत म्हणजे आपले ध्रुपदच की. प्रवचनाचेही तसेच. रब्बींच्या जुन्या प्रवचनात आरंभी दूरचे एखादे वचन घ्यायचे आणि वळणावळणाने त्या दिवशीच्या पाठाच्या वचनाशी येऊन थांबायचे. पूर्वरंगातला अभंग उत्तररंगातल्या कथेला जाऊन मिळतो तो याच चालीने. अष्टमकर-दिवेकरांनी परके पात्र आणले आणि त्यात आपला धर्म ओतला, असे म्हणणे मला पटत नाही. त्या धर्माचा स्वभावच कीर्तनाचा होता, आणि त्याला महाराष्ट्रात आपले घर सापडले.

याच समाजाला एकदा शास्त्राच्या जकातनाक्यावर अडवले गेले. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल नव्या इस्रायल देशात गेले. तेथील काही रब्बींनी शंका काढली की, शतकानुशतके यांना सोडचिठ्ठीचे नियम ठाऊक नव्हते, तेव्हा यांच्यातले घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्रशुद्ध कशावरून? अशा विवाहाच्या संततीशी इतरांनी लग्न कसे करावे? १९६१ साली मुख्य रब्बीमंडळाने विवाहास संमती दिली, पण १९६२ च्या सूचनांत बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची पिढ्यान्पिढ्या चौकशी करण्यास सांगितले. ज्या शास्त्राने बाईच्या हाती पक्का कागद द्यावा म्हणून एवढा विचार केला, त्याच शास्त्राच्या नावाने आता नातींकडे आज्यांचे कागद मागितले जाऊ लागले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्रायल ठिय्या देऊन बसले. ऑगस्टमध्ये तेथील संसदेने त्यांच्या बाजूने आवाज उठवला, आणि त्यानंतर सूचनांतून त्यांचा वेगळा उल्लेख निघाला.

यातली विसंगती अशी की, कोकणात असताना या समाजात घटस्फोट जवळजवळ नव्हता आणि विधवांचे पुनर्विवाहही होत नसत. शेजाऱ्यांची ती रूढी त्यांनी उचलली होती. तिची झळ त्यांच्या विधवांनी सोसली, हे विसरून चालणार नाही. पण शास्त्राला ज्याची भीती वाटत होती ते घडायला त्या रूढीने फारशी वाव ठेवली नव्हती. हिल्लेलने लोकांच्या हाताकडे पाहिले होते. या रब्बींनी कागदाकडे पाहिले.

आज भारतात बेने इस्रायल फार थोडे, काही हजारच उरले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. इस्रायलात गेलेल्यांनी तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. कीर्तन विरळ झाले आहे, आणि जे टिकले आहे ते मुख्यतः स्त्रियांनी टिकवले आहे. स्त्रीचा गाता आवाज पुरुषांनी ऐकावा की नाही, याविषयीही तालमूदात कडक मत आहे. पण समुद्रकाठच्या त्या गीतानंतर मिर्याम डफ घेऊन पुढे झाली आणि बाया तिच्यामागून गेल्या, हेही तोरेतच लिहिलेले आहे.

स्नेह्याच्या आई आता नाहीत, आणि तोही परदेशी गेला. मी मात्र मांडवीला परतलो. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो की टोपलीतल्या मुशीकडे हात जातो आणि क्षणभर थबकतो. मग मी ती घेतो, कारण आमच्यात चालते. पण त्या थबकण्यात त्या माऊलीचा शब्द असतो, आणि रात्री देवळात ध्रुपद उचलताना मागे आणखी काही आवाज आहेत असे वाटते.