फिलाडेल्फियातील दुसरी बाई

आनंदीबाई जोशी यांची हकीकत मी वर्गात कितीतरी वर्षे सांगत आलो आहे. ११ मार्च १८८६ हा दिवस, फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ, आणि वयाची एकवीस वर्षेही पुरी न झालेली एक मराठी मुलगी एम. डी. होऊन उभी. येथवर आले की वर्ग शांत होतो, हा माझा नेहमीचा अनुभव. परंतु मागे एकदा शेवटच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "गुरुजी, त्या दिवशी तिच्या माणसांपैकी कुणी होतं का तिथं?"

मी म्हटले, "होत्या. पंडिता रमाबाई." आणि पान उलटले.

पान उलटले खरे, पण प्रश्न काही उलटला नाही. रमाबाई नात्यानेही आनंदीबाईंच्या दूरच्या लागत. त्या समारंभासाठी मुद्दाम इंग्लंडहून समुद्र ओलांडून आल्या होत्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेली ही बाई अडीच वर्षांहून अधिक काळ तो देश पाहत हिंडली आणि परत येऊन १८८९ साली तिने 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मुंबईस छापविले. एवढी माहिती मला होती. पुस्तक मात्र मी वाचले नव्हते. इतिहास शिकविणाऱ्या माणसाने हे कबूल करताना थोडी लाज वाटायला हवी, आणि ती वाटते.

आमच्या गावच्या वाचनालयात ते शोधू लागलो तेव्हा इतिहासात सापडेना, प्रवासवर्णनात सापडेना. अखेर सापडले 'धर्म : ख्रिस्ती' अशी चिठ्ठी डकविलेल्या कपाटात. शंभराहून अधिक वर्षांनी निघालेल्या दुसऱ्या छपाईची ती प्रत होती, आणि तिच्यावर वाचकाचे बोट लागल्याची खूण नव्हती. आता या पुस्तकात काय आहे म्हणाल, तर अमेरिकेची राज्यव्यवस्था, तिथली घरे, शाळा, धर्मादाय संस्था, व्यापारउदीम, आणि ऐसपैस असे स्त्रियांच्या स्थितीचे प्रकरण. पंथांविषयीही आहे, नाही असे नाही. पण या पुस्तकाला ते कपाट मिळाले ते त्यातील मजकुरामुळे नव्हे. लेखिकेने १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, यामुळे. परक्या माणसांची ओळख करून देणारे पुस्तक, आणि लेखिकाच परकी झाली म्हणून आम्ही ते उघडले नाही!

अमेरिका पाहून तिच्यावर ग्रंथ लिहिणारे रमाबाईंच्या आधीही झाले. फ्रान्सच्या तोकव्हिलने १८३५ व १८४० साली दोन भागांत लिहिले. इंग्लंडच्या हॅरिएट मार्टिनोने १८३७ साली लिहिले. मोठी माणसे, मोठे ग्रंथ. पण तोकव्हिल सरदार घराण्यातला, आणि मार्टिनो ज्या देशाची, त्याच देशाचे ते लोक कालपरवापर्यंत प्रजाजन होते. रमाबाई आल्या त्या पारतंत्र्यातील देशातून. दुष्काळात आईबाप गमावलेली, भावाबरोबर पायी हिंदुस्थान फिरलेली, कलकत्त्याच्या पंडितांकडून 'पंडिता' ही पदवी मिळविलेली, आणि लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच विधवा झालेली ही बाई. ज्या राजसत्तेखाली आपला देश आहे तीच झुगारून दिलेले लोक कसे राहतात, हे तिला पाहावयाचे होते. १८८९ साली मुंबईत बसून असे पुस्तक मराठीत लिहिणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथील मोजक्या स्त्री-प्रतिनिधींत रमाबाई होत्या.

मला सर्वांत अडविले ते पुढील गोष्टीने. रमाबाई त्या देशात नुसत्या पाहुण्या नव्हत्या. मदत मागावयास गेलेल्या होत्या. येथील बालविधवांसाठी शाळा काढावयाची, तिला पैसा हवा. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला मंडळी जमली, रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, आणि दहा वर्षे खर्च चालविण्याचे वचन मिळाले. अशा यजमानाविषयी माणूस काय लिहील? गोडच लिहील; मी तरी तसेच लिहिले असते. रमाबाईंनी गुण मनापासून गायिले आहेतच: स्त्रियांचा शिक्षणासाठी झगडा, त्यांनी उभारलेली मंडळे, कामाची लाज न बाळगणे. पण गोऱ्यांनी मूळच्या रहिवाशांना कसे फसविले आणि हुसकावले, गुलामगिरी गेल्यावरही काळ्या माणसाविषयीचा तिटकारा कसा मुरून राहिला आहे, बाईला पुरुषाहून कमी मजुरी कशी मिळते, हेही त्यांनी लिहिले. बायकांच्या टोप्यांवर शोभेला पक्षी मारून लावतात, तेसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटले नाही. ज्याचे उपकार घेतले त्याचे दोष सांगितले. आणि दोष सांगूनही त्याच्याविषयीचा आदर उणा होऊ दिला नाही. हे किती अवघड आहे, ते ज्याने एखाद्या देणगीदाराच्या हस्ते शाळेचा बक्षीससमारंभ पार पाडला असेल त्याला विचारावे.

याच्या दोनच वर्षे आधी, १८८७ मध्ये, त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत निघाले होते. त्यात उच्चवर्णीय हिंदू स्त्रीची स्थिती अमेरिकनांना सांगितली आहे. प्रस्तावना लिहिली आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी. म्हणजे आपले घर त्यांना दाखविले, आणि मग त्यांचे घर आपल्याला. एकाच हाताने दोन्हीकडच्या खिडक्या उघडणारा दुसरा लेखक त्या काळच्या मराठीत मला तरी आठवत नाही. अमेरिकन बाईचे वर्णन वाचता वाचता मला मात्र सारखी माझी आजी दिसत राहिली. तिला लिहिता येत नसे. पोस्टमन आला की ती अंगठा पुढे करी, आणि शाईचे बोट पदराला पुशी.

आनंदीबाई पदवीनंतर वर्षभरही जगल्या नाहीत; फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास वारल्या. रमाबाई परतल्या त्या एकट्याच, आणि शारदा सदन त्यांनी मुंबईस उघडले ११ मार्च १८८९ रोजी. पदवीदानाची तीच तारीख! ती मुद्दाम निवडली की सहज आली, याचा विचार माझ्यातला कादंबरीकार करू लागला होता. मी त्याला गप्प बसविले. पुढे सदन पुण्यास गेले, मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गवगवा झाला, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सल्लागारही दूर झाले. त्या भीतीत काहीच तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पालक आपल्या मुलींसाठी घाबरले, तर त्यांना हसण्याचे कारण नाही. पण सदनाबरोबर हे पुस्तकही वाळीत पडले. त्याने कोणाचा धर्म बुडविला होता?

त्या मुलीला मी दुसऱ्या आठवड्यात सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग आपल्या पुस्तकात का नाही?" तिचे 'आपले पुस्तक' म्हणजे पाठ्यपुस्तक. मी फळा पुसू लागलो.

वाचनालयात प्रत परत करावयास गेलो तेव्हा ग्रंथपालांना म्हटले, हे चुकीच्या कपाटात आहे. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा वर करून पुस्तक चाळले, चिठ्ठी पाहिली, पुन्हा चाळले आणि विचारले, "मग ठेवू कुठं, गुरुजी? इतिहासात की प्रवासात की स्त्रियांच्यात?"

मी म्हटले, "तूर्त आणखी पंधरा दिवस माझ्याच नावावर लावा."