सुवाह्य संगणकाचा इतिहास : वजन, वीज आणि व्हिडिओ-संपादन यांतील तडजोडीचा अभ्यास

प्रस्तावना

लॅपटॉप खरेदी करताना प्रोसेसर, रॅम, साठवण, पडदा आणि बॅटरी यांची जी यादी ग्राहकासमोर ठेवली जाते, तिला व्यवहारात 'कॉन्फिगरेशन' असे म्हटले जाते. ही यादी केवळ तांत्रिक बाब म्हणून वाचली जाते. वस्तुतः तिच्यातील प्रत्येक आकड्यामागे चार दशकांहून अधिक काळच्या तडजोडींचा इतिहास उभा आहे. यंत्र प्रवासात हलके असावे, दिवसभराच्या कामाला पुरावे आणि त्यावर चित्रीकरणाचे संपादनही व्हावे, या तीन अपेक्षा एकमेकींच्या विरोधात जातात. हा विरोध कसा निर्माण झाला आणि तो कोठे सुटला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

'सुवाह्य' या शब्दाचे बदलते अर्थ

ॲलन के यांनी १९७२ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'डायनाबुक' ही कल्पना मांडली. वहीच्या आकाराचा, चार पौंडांहून, म्हणजे सुमारे १.८ किलोहून कमी वजनाचा आणि मुलांना वापरता येईल असा तो संगणक होता. तो प्रत्यक्षात तयार झाला नाही. परंतु पुढील सर्व यंत्रे नकळत याच मापाने मोजली गेली.

बाजारात यशस्वी ठरलेला पहिला सुवाह्य संगणक म्हणजे एप्रिल १९८१ मधील ऑस्बर्न-१. त्याचे जनक ॲडम ऑस्बर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये त्यांचे निधनही कोडाइकनाल येथे झाले. या यंत्राचे वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंची, मेमरी ६४ किलोबाइट आणि किंमत १७९५ डॉलर होती. विमानातील आसनाखाली मावावे अशी त्याची रचना होती. मात्र आत बॅटरी नव्हती. म्हणजे यंत्र प्रवास करी, पण प्रवासात काम करीत नसे. १९८३ मध्ये विक्रीस आलेला कॉम्पॅक पोर्टेबल तर सुमारे १३ किलोंचा होता. त्याला 'सुवाह्य' म्हणण्यापेक्षा 'उचलता येण्याजोगा' म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

ऑस्बर्न कंपनी १९८३ मध्येच दिवाळखोरीत गेली. नव्या मॉडेलची घोषणा वेळेआधी झाल्याने ग्राहकांनी जुन्याची खरेदी थांबवली, अशी कारणमीमांसा प्रसिद्ध आहे. ती अपुरी असल्याचे काही अभ्यासकांचे मत आहे. कारण काहीही असो, 'पुढचे मॉडेल येईपर्यंत थांबू' ही ग्राहकाची मनोवृत्ती या व्यवसायाइतकीच जुनी आहे.

आज परिचित असलेली, मिटणाऱ्या पडद्याची रचना १९८२ मध्ये ग्रिड कम्पास या यंत्रात आली. बिल मॉग्रिज यांनी रेखाटलेले हे मॅग्नेशियमच्या आवरणाचे यंत्र अमेरिकेच्या अंतराळयानांतही वापरले गेले. परंतु ८१५० डॉलर ही किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. याउलट १९८३ च्या टीआरएस-८० मॉडेल १०० मध्ये पडद्यावर केवळ आठ ओळी दिसत, तरी ते साध्या चार सेलवर सुमारे वीस तास चाले आणि टेलिफोनच्या तारेवरून मजकूर धाडता येई. गावोगाव फिरणाऱ्या पत्रकारांनी ते आपलेसे केले, यात नवल नाही. कामाचे स्वरूप निश्चित असेल तर अल्प क्षमतेचे यंत्रही सर्वोत्तम ठरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

विजेची मर्यादा

१९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये मोटारगाडीप्रमाणे शिसे-आम्लाची बॅटरी होती. ती दीर्घकाळ चाले, पण यंत्राचे वजन सात किलोंच्या वर गेले. १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि कमी वजनात अधिक वीज साठवणे शक्य झाले. मात्र निम्मे काम प्रोसेसरचे होते. मार्च २००३ मध्ये इंटेलने 'सेंट्रिनो' या नावाने जो संच सादर केला, त्यातील पेंटियम-एम हा प्रोसेसर गिगाहर्ट्झच्या आकड्याने लहान असूनही मोठ्या आकड्याच्या पेंटियम-४ ला अनेक कामांत तोडीस तोड ठरला, आणि तेही कमी विजेत. गिगाहर्ट्झ पाहून यंत्र निवडण्याची सवय तेव्हाच सुटावयास हवी होती; ती आजही पुरती सुटलेली नाही.

प्रवाशाच्या दृष्टीने एक सीमा तंत्रज्ञानाने नव्हे, तर नियमाने आखली आहे. विमानात विनापरवानगी नेता येणारी लिथियम-आयन बॅटरी १०० वॅट-तासांपर्यंतची असते; १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची संमती लागते. म्हणूनच सर्वांत सामर्थ्यवान लॅपटॉपांची बॅटरीही ९९ वॅट-तासांच्या आसपास थांबते. संपादन करताना यंत्र ८० वॅट वीज खात असेल, तर अशी बॅटरी जेमतेम सव्वा तास पुरेल. जाहिरातीतील 'वीस तास' हे हलक्या कामाचे असतात.

संपादनाचे ओझे

लॅपटॉपवरील व्हिडिओ-संपादनाचा खरा आरंभ १९९५ च्या डीव्ही या स्वरूपापासून होतो. फायरवायर या जोडणीमुळे कॅमेऱ्यातील चित्रण थेट संगणकात उतरू लागले. १९९९ मध्ये फायनल कट प्रो हे सॉफ्टवेअर आले आणि २००० मध्ये फायरवायरची सोय अंगभूत असलेले पॉवरबुक मिळू लागले. तेव्हाची अडचण साठवणीची होती: डीव्हीचे तासाभराचे चित्रण सुमारे १३ गिगाबाइट जागा घेई, आणि अनेक लॅपटॉपांची हार्ड डिस्क तेवढीच असे.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. ५०० मेगाहर्ट्झचे ते जुने यंत्र डीव्हीचे संपादन सुरळीत करी, आणि त्याच्या कैकपट वेगवान आधुनिक यंत्र मोबाइलवरील चित्रण जोडताना अडखळते. कारण चित्रणाच्या संकोचनात आहे. डीव्हीमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवली जाते. २००३ चे एच.२६४ आणि २०१३ चे एचईव्हीसी यांत बहुतांश चौकटींचा शेजारच्या चौकटींहून असलेला फरकच नोंदवला जातो. परिणामी फाइल लहान होते. पण एक चौकट दाखवण्यासाठी अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. जागेचे ओझे अशा रीतीने प्रोसेसरवर आले.

त्यावर उपाय म्हणून या उलगडणीसाठी स्वतंत्र मंडल देण्यात आले: इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक या नावाने, तर ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून लॅपटॉपमध्ये बसवलेल्या एम१ चिपमध्ये ते दिले. पंखाही नसलेले १.३ किलोंचे यंत्र ४के चित्रण संपादित करू लागले. तथापि कॅमेरा ज्या स्वरूपात चित्रण करतो, नेमके तेच स्वरूप त्या मंडलास उलगडता येते का, हे खरेदीपूर्वी पाहावे लागते. ते जमत नसल्यास कमी आकाराच्या प्रती तयार करून त्यांवर संपादन करणे, हा जुना मार्ग मोकळा आहेच.

बंद झालेले झाकण

जानेवारी २००८ मध्ये लिफाफ्यातून काढून दाखवलेल्या मॅकबुक एअरने वजन १.३६ किलोंवर आणले. डायनाबुकचे माप पार झाले. त्याची किंमत मात्र वेगळ्या रूपाने मोजावी लागली. २ गिगाबाइट मेमरी मुख्य पाटीवर डाक देऊन पक्की बसवली होती. पूर्वी ग्राहक कमी मेमरीचे यंत्र घेई आणि दोन वर्षांनी झाकण उघडून ती वाढवी. बहुसंख्य पातळ लॅपटॉपांत आता ही वाट बंद आहे. नावाने सारख्या वाटणाऱ्या प्रोसेसरांतही १५ वॅटचा आणि ४५ वॅटचा असा भेद असतो, आणि पातळ आवरणात उष्णतेमुळे वेग काही मिनिटांतच घटतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर महाराष्ट्रातील अध्यापकांना व्याख्यानांचे चित्रण स्वतःच करावे लागले, तेव्हा हा इतिहास त्यांच्या टेबलावर येऊन ठेपला. टंकलेखन आणि सादरीकरण यांसाठी घेतलेली ४ गिगाबाइटची यंत्रे पाऊण तासाचे व्याख्यान जोडताना गोठू लागली, आणि त्यांतील अनेकांत मेमरी वाढवण्याची जागाच नव्हती. साध्या १०८०पी चित्रणाला १६ गिगाबाइट आणि ४के चित्रणाच्या अनेक पदरांना ३२ गिगाबाइट हे प्रमाण आज व्यवहार्य मानता येते. साठवण बाहेरच्या एसएसडीवर नेता येते, पडदा महाविद्यालयात मोठा जोडता येतो, वीज चार्जरने मिळते. मेमरी मात्र खरेदीच्या दिवशी जेवढी असेल तेवढीच राहते. म्हणून मर्यादित पगारातून यंत्र घेणाऱ्याने पहिला खर्च तिच्यावर करणे युक्त ठरते.