पथचित्रकला आणि कलाबाजार

रस्त्यालगतच्या भिंती, गोदामे, पुलांचे खांब यांवर काढलेल्या चित्रांना पथचित्रे म्हणतात. भिंत विकत नेता येत नाही, त्यामुळे चित्रकाराला मोबदला बहुधा प्रायोजकाकडून मिळतो. मुंबईत रणजित दहिया यांनी वांद्र्यात हिंदी चित्रपटातील चेहरे भिंतींवर उतरवले. २०१७ मध्ये ससून डॉक या मासळी बंदराच्या जुन्या गोदामांत, मासळीच्या वासासकट, कलाप्रकल्प भरला.

रस्ता आणि बाजार यांचे नाते इथे जुने आहे. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार म. फि. हुसेन मुंबईत चौरस फुटाच्या दराने सिनेमाचे फलक रंगवत. त्यांचे १९५४ चे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले. रंगवलेले फलक मात्र चित्रपट उतरताच पुसले जात. ही विषमता बाजाराचीच.

भिंतीवरच्या चित्राचा हक्क कोणाचा, हा वाद मुंबईतल्याच एका चित्रावरून कोर्टात गेला. विमा कंपनीच्या जाहिरातीत ते दिसल्यावर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समाजमाध्यमांवरील ती जाहिरात हटविण्याचा अंतरिम आदेश दिला. विनापरवाना रंगकाम महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकते.