अक्षरांतून हललेली चित्रे

आयबीएमचा पहिला वैयक्तिक संगणक १९८१ साली आला. गती ४.७७ मेगाहर्ट्‌झ. त्यावर चलच्चित्र अशक्य, हे पुढे गृहीतच धरले गेले. जिम लेनर्ड यांच्या '८०८८ करप्शन'ने २००४ साली हे गृहीतक मोडले.

आम्हा साहित्याच्या माणसांना यातली युक्ती विशेष मोलाची वाटते. रंगीत चित्राच्या एका चौकटीला सुमारे १६,००० बाइट लागत. सेकंदाला तीस चौकटी त्या यंत्राला पेलणाऱ्या नव्हत्या. लेनर्ड यांनी चित्राची वाट सोडून मजकुराची धरली. ४० स्तंभ, २५ ओळी, म्हणजे हजार अक्षरे. प्रत्येकाला दोनच बाइट, एक अक्षराचा, एक रंगांचा. चित्राच्या प्रत्येक तुकड्याशी जुळणारे चिन्ह २५६ चिन्हांतून आधीच निवडून ठेवायचे. तेथे अक्षराचा उच्चार गळून पडतो, उरते ती रेघांची आकृती. (ध्वनीसाठी नंतरच्या काळातले साउंड ब्लास्टर जोडावे लागले, हा आक्षेप रास्तच.)

२०१४ च्या '८०८८ डॉमिनेशन'मध्ये ते चित्रपद्धतीकडे परतले. लागोपाठच्या चौकटींतला फरक तेवढा घेऊन त्याचे थेट यंत्राज्ञांत रूपांतर करायचे, अशी ही रीत. चित्र अधिक स्वच्छ. तरी आम्हाला पहिलीच अधिक धाडसी वाटते. येथे मात्र चौकट हीच एक छोटी आज्ञावली असते. ती चालवली की चित्र उमटते.