मुंबई बंदरात शिरण्यापूर्वी

मुंबईचे बंदर मराठी वाचकाला परके नाही. गोदीत हयात घालवलेला एखादा आजोबा कोकणातल्या कितीतरी घरांत आढळतो, भाऊच्या धक्क्यावरून रेवस-मोऱ्याची लाँच अनेकांनी पकडलेली असते आणि 14 एप्रिल 1944 चा गोदीतला स्फोट घरोघरी सांगितला जातो. ही सगळी ओळख मात्र जमिनीच्या बाजूने झालेली आहे. दूरदेशाहून पहिल्यांदाच इथे येणाऱ्या कप्तानाच्या हाती काय असते? कुठे नांगर टाकायचा, कुठला दिवा कुठे दिसेल, पाणी किती, धक्का कोणता, हे त्याला कोण आणि कसे सांगते? या माहितीचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. ते मराठीत यावे अशी अनेक वर्षांची इच्छा होती, म्हणून हे पुस्तक.

वाचकांनी सुरुवात धक्क्यांपासून न करता पाण्यापासून करावी. मुंबई बेट पश्चिमेच्या खवळलेल्या समुद्राला पाठ देऊन उभे आहे. त्याच्या पूर्वेला, बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये, पावसाळ्यातही जहाजांना आसरा देणारे विस्तीर्ण पाणी आहे. ही निसर्गाची देणगी खरी, पण तिची एक अट आहे. खाड्यांमधून गाळ सतत येत राहतो आणि दिवसातून दोनदा पाणी चढते-उतरते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला सरासरी फरक साडेतीन मीटरांहून अधिक असतो. भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांत तो दीड मीटरच्या आसपास येतो. आपल्या कोळीवाड्यांतल्या तांडेलांना हे हिशेब तोंडपाठ असतात. परक्या जहाजाला ते तक्त्यांतून मिळतात.

तो हिशेब एकदा तुम्ही स्वतः करून पाहा. समजा, सागरी नकाशावर एका ठिकाणी 10 मीटर खोली छापली आहे आणि तुमचे जहाज 11 मीटर पाण्यात बुडते. पहिल्या नजरेला वाट बंद वाटते. पण नकाशावरची खोली जवळपास सर्वांत उतरलेल्या पाण्यापासून मोजलेली असते. त्या तासाला भरती 3.5 मीटर असेल, तर प्रत्यक्ष पाणी साडेतेरा मीटर होते आणि जहाजाच्या तळाखाली अडीच मीटर उरतात. आता भरती ओसरायला लागल्यावर हे अडीच मीटर किती वेळ टिकतील, हा प्रश्न विचारा. त्याच्या उत्तरावर जहाज कधी निघेल, वाट दाखवणारा पायलट कधी चढेल आणि जहाज ओढणाऱ्या टग-बोटी कधी सज्ज राहतील, हे सगळे ठरते. एवढे उमगले की पुढची प्रकरणे जड जाणार नाहीत.

पाण्यानंतर खुणांकडे वळावे. खांदेरीचे दीपगृह 1867 चे, कुलाब्याच्या दक्षिणेला खडकाळ टोकावर उभे असलेले प्रॉंग्स 1875 चे. शिवकाळात आणि आंग्र्यांच्या काळात आरमारी संघर्ष पाहिलेले खांदेरी आज साऱ्या जगाच्या जहाजांना वाट दाखवते, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. आत येताना लाल बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा, हा आपल्याकडचा नियम. अमेरिका खंडांत आणि जपानमध्ये तो नेमका उलटा आहे. म्हणून नव्या ठिकाणी पोचणारा अनुभवी कप्तानसुद्धा ही नोंद पुन्हा वाचतो.

सोयींच्या प्रकरणात इंदिरा गोदीवर थोडे रेंगाळावे. 1914 मध्ये ती अलेक्झांड्रा गोदी म्हणून पूर्ण झाली आणि तिच्या खोदकामातून निघालेल्या मातीदगडाच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. या गोदीच्या तोंडाशी लॉकगेट आहे. बाहेर ओहोटी लागली तरी आतले पाणी धरून ठेवले जाते, त्यामुळे जहाज तरंगते राहते आणि मालाची चढउतार थांबत नाही. या गेटची रुंदी 100 फूट. साहजिकच गोदीत कोणते जहाज घ्यायचे, हे शतकापूर्वीच्या त्या मोजमापाने आजही ठरते. कच्च्या तेलाची जहाजे जवाहर द्वीपाला लागतात, रसायनांची पीरपावला. पलीकडे न्हावा-शेव्याचे बंदर 1989 पासून कंटेनर हाताळते आणि तिकडे जाणारी जहाजेही मुंबई बंदराच्याच मुखातून आत येतात.

माहिती दोन्ही बाजूंनी वाहते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. जहाजालाही आपली लांबी, बुडालेली खोली, खलाशांचे आरोग्य आणि धोकादायक माल आधी कळवावा लागतो. 1944 च्या त्या स्फोटाच्या वेळी व्हिक्टोरिया गोदीतल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या एकाच जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गासड्या होत्या. ती घटना आठवली की अशा माहितीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-3’ ही जहाजे एकमेकांवर आदळली, तेल सांडले, कंटेनर पाण्यात पडले आणि काही दिवस दोन्ही बंदरांची वाहतूक खोळंबली. रडारवरून जहाजांवर नजर ठेवणारे नियंत्रण कक्ष आणि त्यांचे रेडिओ संदेश यांवरचे प्रकरण त्यासाठी सविस्तर लिहिले आहे.

एक विनंती. हे पुस्तक समजून घेण्यासाठी आहे, जहाज हाकण्यासाठी नाही. गाळाने तळ बदलतो, बोया हलवला जातो, धक्का दुरुस्तीसाठी बंद होतो. प्रत्यक्ष समुद्रावर असाल, तर डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे ताजे नकाशे आणि नाविकांसाठीची सूचनापत्रे, भारतीय सर्वेक्षण विभागाचे त्या वर्षाचे भरतीचे तक्ते आणि बंदराची चालू पत्रके यांवरच विसंबावे.